फौजदाराच्या कमरेचा आवाज

बुधवार, सकाळचे सव्वादहा. जुन्या पागेमागच्या बोळात दामूवस्ताद जीनगर यांचं दुकान. आत दोघेच, वस्ताद आणि एक तरुण फौजदार.

"किती वेळ लागेल, एवढंच विचारतोय मी."

वस्तादांनी दोऱ्याला मेण लावणं चालू ठेवलं.

"वस्ताद, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय साहेब. तुमचंही ऐकतोय आणि त्याचंही."

त्याचं म्हणजे फौजदाराच्या कमरेला असलेल्या पिस्तुलाच्या होल्स्टरचं. नवं कोरं, जाड चामडं. फौजदाराने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला की ते कुरकुरायचं. कर्र… कर्र… नव्या वहाणेसारखंच, पण वहाणेपेक्षा उद्धट.

फौजदाराचं नाव तेजस मोहोळकर. वय सत्तावीस. अकादमीत तपास या विषयात पहिला आलेला. हे त्याने दुकानात पाऊल टाकल्यापासून पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं, वस्तादांनी काही विचारलं नसताना.

वस्ताद ऐंशीला टेकलेले. त्यांच्या आजोबांनी संस्थानाच्या घोड्यांची जिनं शिवली. घोडे गेले, संस्थान गेलं, हातातली कला राहिली. गेली पन्नास वर्षं तालुक्यातल्या पोलिसांचे पट्टे आणि होल्स्टर त्यांच्याच हाताखालून जात होते. वरून नवा माल आला की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तो माणसाळवायला इथेच आणून टाकत.

"हत्यार काढून लांब ठेवा," वस्ताद म्हणाले. "मला नुसतं त्याचं घर द्या."

तेजसने पिस्तूल रिकामं केलं, रुमालात गुंडाळून स्वतःच्या मांडीशी धरलं आणि होल्स्टर पुढे केलं. वस्तादांनी ते आधी नाकाशी नेलं.

"खोबरेल?"

"हो. आमच्या हवालदाराने सांगितलं होतं."

"किती?"

तेजस जरा अडखळला. "रात्रभर… पातेल्यात बुडवून ठेवलं होतं."

वस्तादांनी होल्स्टरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तळायचं तेवढं राहिलं."

तेजसला हसू आलं नाही. आपल्याकडे थट्टेला वेळ नाही, असं त्याने सांगितलं. परवा शुक्रवार. शुक्रवारी अहवाल जाणार.

कसला अहवाल, हे वस्तादांनी विचारलं नाही. गावात ते सगळ्यांना माहीत होतं.

वडार वस्तीतला हणमंत धोत्रे, वय सव्वीस, खडी फोडणारा मजूर. चार महिन्यांपूर्वी, नऊ तारखेला दुपारी, गावातल्या ठाण्याच्या कोठडीत मेला. कागदावर असं होतं की आठ तारखेला संध्याकाळी तो आपल्या पायांनी ठाण्यात आला, रात्री त्याच्या छातीत दुखू लागलं आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. त्याच्या घरी कोणीही पोलीस गेला नव्हता. सगळं एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, कुठे खाडाखोड नाही. खरं लिहिणाऱ्या माणसाचा हात कुठेतरी अडतो. हा अडला नव्हता. आणि चार महिन्यांत कोणाला एक साधी नोटीससुद्धा निघाली नव्हती.

ओरड झाली तेव्हा चौकशीला बाहेरच्या तालुक्यातून तेजसला धाडलं. त्या संध्याकाळी घरात दोनच माणसं होती. त्यातलं एक मेलं. उरली हणमंतची आई, गजराबाई.

"तीनदा गेलो तिच्याकडे," तेजस म्हणाला.

तिन्ही वेळा एकच झालं. गजराबाई त्याला खाटेवर बसवायची, बिनदुधाचा चहा द्यायची आणि बोलायला लागायची. हणमंत लहानपणी चिंचेवर चढून बसायचा, आई हाका मारत आली की वरून तिच्या डोक्यावर चिंचा टाकायचा. पहिल्या पगारात त्याने तिला छत्री आणली, तीही लाल, म्हाताऱ्या बाईला लाल छत्री. बोलत बोलत ती आठ तारखेपर्यंत यायची. संध्याकाळची वेळ होती. वीज गेली होती. हणमंत जेवायला बसला होता…

इथे तेजस लिहायला वाकायचा. होल्स्टर कुरकुरायचं. आणि बाईची गोष्ट तिथेच संपायची. त्यानंतर त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही.

"आणि शुक्रवारपर्यंत ती नाहीच बोलली तर?"

तर अहवालात एक ओळ जाईल, तेजस म्हणाला. मयताच्या आईला काही सांगता आले नाही. फाइल बंद.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, की वरचे साहेब आणखी एक शब्द घालायला सांगतात. भ्रमिष्ट. आपणही तो डायरीत लिहून ठेवलाय… पेन्सिलने.

वस्तादांचा दोऱ्यावरचा हात थांबला.

"आज दुपारी चारला परत जायचंय. तेवढ्यात हा आवाज गेला पाहिजे."

"कमरेचं काढून जा."

"वस्तीत हत्याराशिवाय जायचं नाही, असा हुकूम आहे."

"का? वस्ती चावते?"

 खरं सांगायचं तर नुसत्या पट्ट्याने आरशासमोर उभं राहिलं की त्याला आपण अर्धेच वाटायचो. पण हे काय एका जीनगराला सांगायचं?

वस्तादांनी जाडंभरडं फडकं घेतलं आणि होल्स्टर पुसायला लागले. घाई नाही, जोर नाही. तापात घामेजलेल्या पोराचं अंग पुसावं तसं. फडकं तेलाने काळं झालं, त्यांनी दुसरं घेतलं.

"तेलाने चामडं गप्प होत नाही," ते म्हणाले. "सुस्तावतं. मग हत्यार धरून ठेवत नाही. पळताना पिस्तूल मागे आणि तुम्ही पुढे."

"मग काय करायचं होतं?"

"सगळं चामडं बोलत नसतं. एकच जागा बोलते. ती शोधायची."

"शोधा की."

"अंगावर असल्याशिवाय सापडत नाही."

फळीवरून त्यांनी शिसवी लाकडाचा फर्मा काढला, हुबेहूब पिस्तुलाच्या आकाराचा. होल्स्टरमध्ये तो बसवून तेजसला कमरेला बांधायला लावला. म्हणाले, उठा. बसा. पुन्हा उठा. वाका. डाव्या अंगावर वळा. बोळातून जाणारी एक बाई डोक्यावरची पाटी सावरत थांबली आणि सरकारी गणवेशातला माणूस उठाबशा काढतोय हे डोळे भरून बघून पुढे गेली. तेजसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

वस्ताद डोळे मिटून होते. त्यांचं एक बोट पट्ट्यामागे होतं.

"इथे."

पट्टा ज्या फासातून ओवतात, तो फास होल्स्टरच्या पाठीवर घासत होता. दोन्हीकडची खरखरीत बाजू एकमेकांवर आली होती. वस्ताद म्हणाले की कारखान्यानेच तशी शिवण घातलीय, या नव्या मालात सगळ्यांना हेच दुखणं आहे.

त्यांनी एक पितळी डबी उघडली. आत पांढरी मऊ बुकणी होती.

"शंखजिरं. तान्ह्या पोरांच्या अंगाला लावायच्या पावडरीत असतं ते. चिमूटभर त्या दोन बाजूंच्या मध्ये सोडायचं, बोटाने पसरायचं. रगडायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

तेजसला फसवल्यासारखं वाटलं. तीन दिवस त्याने तेल, मेण, बुटाचं पॉलिश, सगळं करून पाहिलं होतं. एकदा तर इस्त्रीसुद्धा फिरवणार होता.

"मग लावा," तो म्हणाला.

वस्तादांनी चिमूट भरली. पण हात तसाच हवेत ठेवला.

"जायच्या आधी एकदा तिच्या कानाने ऐकू द्या मला. तुम्ही तिथे बसता तसे बसा."

"मी खाटेवर असतो."

"ती?"

"खाली. चुलीजवळ."

वस्तादांनी बाकड्याकडे बोट दाखवलं. तेजस बाकड्यावर बसला. ऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर हात देत, कण्हत, त्याच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्याने डोळे मिटले. तेजसला ते बरं दिसेना. तो उठायला लागला, तर वस्तादांनी मान हलवली.

"बसा. आता लिहायला वाका."

तेजस वाकला. कर्र…

"पुढे ती काय करते?"

"सांगितलं ना. बोलायची थांबते."

"ते तोंडाचं झालं. हातांनी काय करते?"

 अकादमीत तपासात पहिला आलेला माणूस. त्याच्या डायरीत तिचं वय होतं, घराचा नंबर होता, खाटेपासून दारापर्यंतचं अंतर पावलांत मोजून लिहिलेलं होतं. तिच्या हातांचं काही नव्हतं.

"उठते," तो आठवत म्हणाला. "पदर डोक्यावर घेते. चुलीतलं लाकूड मागे ओढते… उजेड कमी होईल असं. मग दाराला कडी लावते."

"बाहेरून?"

"आतून."

"दुपारी?"

"मी दुपारीच जातो."

"आणि तुम्ही कुठे असता?"

"आतच. खाटेवर."

बोळात कुठेतरी नळाखाली घागर भरत होती. ती भरून वाहायला लागल्याचा आवाज आला.

"मग?" वस्तादांनी विचारलं.

"मग… माझ्याजवळ येते. माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि दाबून बसवते. आणि म्हणते…"

 हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. याच्यावरूनच तर साहेबांचा तो शब्द त्याने पेन्सिलने लिहून ठेवला होता.

"काय म्हणते?"

"जेव तू. उठू नगं."

वस्ताद खालीच बसून होते. त्यांनी डोळे उघडले, पण तेजसकडे पाहिलं नाही. समोरच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"साहेब, माणूस ज्याला भितो, त्याला आत घेऊन कडी लावत नाही."

…



तेजसच्या डोळ्यांसमोर ती खोली आली. वीज गेलेली. चुलीच्या उजेडात ताटावर बसलेला मुलगा. बाहेर अंधारात कोणीतरी चालत येतंय, आणि चालताना त्याच्या कमरेला नवं चामडं कुरकुरतंय. आई उठते. पदर घेते. लाकूड मागे ओढते. कडी लावते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवते…

बाईला चेहरा दिसलाच नव्हता. दिसणार कसा, चूलही तिनेच मंद केलेली? तिला दिसलेलं काही सांगायचं नव्हतंच. ऐकलेलं ती तीनदा सांगून चुकली होती, आणि ते सांगताना समोर बसलेल्या पोलिसालाच लेकासारखं पाठीशी घालत होती. आणि तो तिच्या डोक्यावर भ्रमिष्टपणाचा शिक्का मारायला निघाला होता.

वस्तादांची चिमूट अजून तशीच होती.

"सोडू?"

तेजसने होल्स्टरवर तळहात ठेवला.

"नको."

वस्तादांनी बुकणी परत डबीत टाकली. बोटं झटकली. डबीचं झाकण लावलं.

तेजसने विचारलं, या नव्या मालातली सगळी सारखीच कुरकुरतात का? वस्ताद म्हणाले, एका साच्यातून निघालेली आहेत, वेगळी कशी कुरकुरतील? तेजसला मग तारखा आठवल्या. त्याच्या तालुक्यात ही होल्स्टर पंधरा दिवसांपूर्वी आली. इथल्या ठाण्याला त्याआधी, चार महिन्यांपूर्वी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

त्याने खिशातून डायरी काढली, ते पान शोधलं आणि पेन्सिलच्या शब्दावर अंगठा घासायला लागला.

"पुसू नका," वस्ताद म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं होतं ते राहू दे. त्याच्याखाली ती काय करते ते लिहा. शाईने."

तेजसने लिहिलं. उठते. पदर घेते. लाकूड ओढते. कडी लावते. एवढ्या चार ओळी लिहायला त्याला वेळ लागला. शेवटची ओळ लिहिताना अक्षर हललं. त्याने ते दुरुस्त केलं नाही.

लिहून झाल्यावर मात्र त्याचा धीर सुटला. आल्यापासून घट्ट बांधून ठेवलेलं सगळं एकदम सैल झालं. तो म्हणाला, वस्ताद, हे मला पटलं, तुम्हाला पटलं, पण हे पुढे कोणाला दाखवू? चामड्याच्या कुरकुरीला साक्ष कोण म्हणेल? साहेब हसतील. ठाण्यातल्यांचा वकील तर उभा राहून नुसता बूट वाजवेल आणि विचारेल, बाई, हा आवाज कुठल्या साहेबाचा? मी चौकशीला आलो आणि तिला चौथ्यांदा त्या रात्रीत नेऊन बसवणार, आणि वर हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा गेलोच नाही तर?

हे बोलताना तो फौजदार राहिला नव्हता. परीक्षेला निघालेल्या आणि उंबऱ्यात अडलेल्या पोरासारखा दिसत होता.

वस्तादांनी उठायला हात पुढे केला. तेजसने तो धरला. पण उभं राहिल्यावर त्यांनी हात सोडला नाही.

"बाळ," ते म्हणाले. त्याला साहेब अशी हाक त्यांनी त्यानंतर मारली नाही. "आज खाटेवर बसू नको. खाली बस, तिच्याजवळ. वाकायच्या आधी तिला सांग, आई, आता ते वाजणार आहे, मीच आहे. मग वाजू दे एकदा. आणि जेव म्हणाली…"

"तर?"

"तर जेव. उठू नको."

तेजसने मान खाली घातली. वस्तादांनी त्याच्या कमरेचा पट्टा एक घर घट्ट केला, लाकडी फर्मा काढून घेतला, होल्स्टरच्या तोंडावरची धूळ अंगठ्याने पुसली. म्हणाले, आता याला तुझं हत्यार दे. तेजसने रुमाल सोडून पिस्तूल आत ठेवलं. होल्स्टर कुरकुरलं. या वेळी दोघांनीही ते पुरतं ऐकून घेतलं, पंगतीत एखाद्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून घेतात तसं.

दारापर्यंत जाऊन तेजस वळला.

"ती म्हणेल, असाच आवाज होता. ते मी लिहीन. पण वस्ताद, खरंच सांगा… नाव कुठून आणू मी?"

वस्ताद वळले. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले. तेजस धावत येऊन स्टूल धरून उभा राहिला. वरच्या फळीवरून, जुन्या लगामांच्या मागून, त्यांनी कापडाचं एक गाठोडं काढलं आणि खाली उतरून बाकड्यावर सोडलं.

आत एक होल्स्टर होतं. नवं कोरं. तेल नाही, मेण नाही, कोणाच्या हाताचा डाग नाही.

वस्तादांनी ते दोन्ही हातांत धरून हलकेच पिळलं.

कर्र…

 वस्तादांनी होल्स्टरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. आतल्या बाजूला, शिवणीलगत, ठशाने उमटवलेला पाच आकडी नंबर होता, ठाण्याच्या वहीत घेणाऱ्याच्या नावापुढे चढतो तो.

"नऊ तारखेला सकाळी एक शिपाई हे ठेवून गेला. काल संध्याकाळी फार कुरकुरलं म्हणे, साहेब वैतागलेत, आवाज घालवून ठेवा, सायंकाळी नेतो… दुपारी गजराबाईचा पोरगा गेला. त्याला आज चार महिने झाले बाळ. हे न्यायला कोणी आलेलं नाही, आणि हे कोणाचं, म्हणून विचारायलाही."